घरी उबवलेली अंडी आणि घरातली जाणती माणसं : तुमचे अनुभव लिहा

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार झाली, की नाही, हे लांबून बघून सांगणारी माणसं आपल्या घरांतून कमी होत चालली आहेत. ज्यांनी घरी पिल्लं काढली, कोंबडीखाली असोत वा पेटीत, त्यांनी इथे लिहावं. कोणाकडून शिकलात तेही सांगा. सुरुवात मीच करते.

आमचं घर कुडाळजवळ. रवणीला, म्हणजे उबवायला, ठेवायची अंडी आजी निवडून घ्यायची. फार लांबट नको, कवच खरखरीत नको, आठवड्यापेक्षा जुनं तर नकोच. अंडी ती कधी धुवायची नाही. कवचावर एक पातळ थर असतो, तो गेला की जंतू आत शिरतात, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीला तिच्या सासूने सांगितलं होतं. पाटीत पेंढा, त्यात कोंबडीच्या अंगाखाली मावतील तेवढीच दहा-बारा अंडी. बसवायची तीही अंधार पडल्यावर, म्हणजे कोंबडी उठत नाही. आठवड्याने रात्री एकेक अंडं मुठीत धरून बॅटरीच्या उजेडात बघायची. लाल शिरांचं जाळं दिसलं तर परत पाटीत, नितळ असलं तर बाजूला. एकविसाव्या दिवसाच्या आसपास कवचाला टोचा पडला की माझे हात शिवशिवायचे. ती म्हणायची, "वायच थांब गो. ता आपणच येतला." त्या थांबण्यात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, पापुद्र्यातलं रक्त अंगात परतत असतं. घाईने सोललं तर रक्त वाहून मरतं. एवढा धीर मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही.

पुण्याहून :
आमच्याकडे थर्माकोलची पेटी, बल्ब, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी. तापमान साडेसदतीस अंश. आर्द्रता पहिले 18 दिवस 50 ते 55 टक्के, पुढे 65 च्या वर. अंडी दिवसातून तीन-चारदा फिरवायची, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. 18 व्या दिवसानंतर फिरवणं बंद. सासरे मुक्कामाला आले होते. त्यांनी एक अंडं उचलून पापणीला लावलं आणि म्हणाले, "जावईबापू, ऊब जास्त होतीय." पाहिलं तर काटा 38 च्या पुढे. तेव्हापासून पेटी त्यांच्या देखरेखीखाली आहे.

कैरोत काही वर्षं राहिलेल्या एका वाचकाकडून :
पापणीचं वाचून राहवलं नाही. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवतात, आणि तिथले जुने कारागीर थर्मामीटर न लावता अंडं पापणीलाच टेकवून ऊब ओळखतात. बापाकडून मुलाकडे आलेली विद्या. ज्यांच्या नावाने तापमानाची एक मोजपट्टी आहे त्या फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी 18 व्या शतकात या भट्ट्यांवर लिहिलं, आणि इजिप्तने पिरॅमिडपेक्षा यांचा अभिमान धरावा असं मत दिलं. सासरेबुवांना हे जरूर सांगा.

नाशिकहून :
दुकानातली पांढरी अंडी पेटीत ठेवली तर चालतील का? मुलगी मागे लागली आहे.

(नाही. लेअर फार्मवर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडा नसतो, त्यामुळे त्या अंड्यांत जीवच नसतो. कोंबड्यांमध्ये कोंबडा फिरतो अशा घरची गावठी अंडी आणा. मुलीला सोबत न्या, त्या घरच्या आजी बरंच सांगतील.)

सांगलीहून :
जुन्यांचं मोल मला कमी वाटत नाही, पण एक सांगायलाच हवं. पूर्वी मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आली की अख्खं खुराडं रिकामं व्हायचं आणि आजीच्या हाती काही नसायचं. आता पहिल्या आठवड्यात त्यावरच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात टाकला की पुष्कळ पिल्लं वाचतात. थेंब मी टाकतो, पिल्लू आजी धरते. तिच्या हातात ते फडफडत नाही. माझ्या हातात फडफडतं.

अकोल्याहून :
आमच्याकडे शेतीचा पैसा आजोबांच्या हातात आणि कोंबड्यांचा आजीच्या. आईची पाठ्यपुस्तकं, मावशीच्या बांगड्या, दवाखान्याला जायचं एसटीचं भाडं, सगळं अंड्यांतून आलं. घरात ते कधी कमाई म्हणून धरलं गेलं नाही, आणि याचा मला फार राग येतो. नव्वदीकडे झुकलेली आजी आजही कोंबड्या वाट्याने देते : कोंबडी आपली, सांभाळ दुसऱ्या बाईचा, पिल्लं निम्मी निम्मी. वाडीतल्या कुठल्या घरी आपली कोंबडी आहे आणि किती पिल्लं यायची आहेत, तिला तोंडपाठ आहे. या दिवाळीत मी तिच्याशेजारी बसून तो सगळा हिशेब वहीत उतरवला. वरती तिचं नाव घातलंय.