आयसीयू सोडून उपकेंद्रात सीएचओ म्हणून जावं का? (वाळवा तालुका)

तासगावची_सून

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, काही वर्षं मिरजेत एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन, रात्री दोनला क्रॅश झालेला पेशंट, हे सगळं अंगवळणी पडलंय. आता समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) म्हणून निवड झाली आहे. वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव मिळतंय.

घरातून दोन मतं. नवरा म्हणतो रात्रपाळ्या सुटतील, घे. आमच्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर म्हणतात, "तिकडं जाऊन हात विसरशील. पोरांना डोस पाजत बसायचं का तुला?" सासूबाईंना वाटतं मी डॉक्टरच झाले, त्या गावभर सांगून आल्यात.

मी परवा गुपचूप उपकेंद्र बघून आले. दोन खोल्या, एक बीपी मशीन, वजनकाटा, रजिस्टरांचा ढीग. दोन बायका बाळं घेऊन आल्या, वजन करून गेल्या. पुढं तासभर कुणी फिरकलं नाही. सिस्टर आपल्या खाली मान घालून मोबाईलमध्ये माहिती भरत होत्या.

पगाराचं माहीत आहे, २५ हजार ठोक आणि १५ हजारांपर्यंत कामावर मोबदला, कंत्राटी. तो प्रश्न नाही. प्रश्न असा की दिवसभर मी तिथं करू काय? आणि जे करेन त्याला नर्सिंग म्हणायचं का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनीच सांगावं, बाकीचे सल्ले घरात भरपूर मिळतात.

ब्रदर_मिरज

नका जाऊ. सरळ सांगतो. ते १५ हजार "पर्यंत" आहेत, हा "पर्यंत" शब्द नीट वाचा. महिन्याला किती तपासण्या, किती टेलिकन्सल्टेशन, किती नोंदी यावर ते ठरतं. एकच बाई चार अ‍ॅपमध्ये भरायची. उद्या परदेशात जायचं मनात आलं तर आयसीयूचा अनुभव मोजतात, उपकेंद्राचा कुणी विचारत नाही. माझ्या बॅचची एक मुलगी गेली होती, परत आली.

माजी_एलएचव्ही_कराड

ब्रदरनं अ‍ॅपचं सांगितलं ते खोटं नाही. पण मुलगी विचारते आहे काम काय, आणि हा सांगतोय पगार. मी सांगते.

मी एएनएम म्हणजे उपकेंद्राची सिस्टर म्हणून लागले, एलएचव्ही म्हणजे सिस्टरांवरची पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. पाटण, जावळी, शेवटी कराड. तासगावच्या सुनेला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की तू गेलीस तेव्हा कुणी आलं नाही म्हणतेस ना, तिथंच काम सुरू होतं. आयसीयूत तुझ्यासमोर खाट असते आणि खाटेवर माणूस असतो. गावात ज्यानं यायला हवं तोच येत नाही. तो कोण, आणि का आला नाही, हे ज्या सिस्टरला तोंडपाठ तिला काम येतं. ती खाली मान घालून जे भरत होती त्यात बहुतेक ड्यू लिस्ट असणार. ती एकदा मागून बघ. कुठल्या बाळाचा १४ आठवड्यांचा डोस राहिलाय, कुठली बाई सातव्या महिन्यात तपासणीला आलीच नाही, कुणाची क्षयाची गोळी संपत आलीय. आलेल्यांची यादी कुणीही करतं ग.

सपाटीला ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र, डोंगरात ३ हजाराला, हे तुला शिकवलं असेल. कागदावर ५ हजार म्हणजे वर्षाला सत्तर-ऐंशी बाळंतपणं. वाटतं सोपं. पण तुझं गाव ऊसपट्ट्यात आहे. दिवाळीच्या आगेमागे कारखाने पेटले की बीड, नगर, सोलापूरकडच्या टोळ्या येतात आणि गावाबाहेरच्या माळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. ती माणसं तुझ्या ५ हजारांत धरलेली नसतात. बाळाचं कार्ड तिकडं गावी पत्र्याच्या पेटीत. आईला विचारलं डोस दिला का, तर म्हणते "दिला की", कुठला ते माहीत नाही. आता यू-विनमध्ये, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी अ‍ॅपमध्ये, नाव असलं तर निदान कळतं तरी, आम्हाला दंडावरची बीसीजीची खूण आणि आईची आठवण यावरच ठरवावं लागायचं.

आणि दुपारी कोपीवर गेलीस तर म्हातारी आणि कुत्रं एवढंच भेटेल. बाया अंधारात फडावर गेलेल्या असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, एक जण बसला की खाडा, उचलीतून पैसे कापणार. सातव्या महिन्याची बाई मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. तिला "आराम कर" म्हणणं म्हणजे आपल्या तोंडाची वाफ दवडणं. मी मुकादमाला धरायचे. त्याला म्हणायचे, बाबा, ही फडात पडली तर तुझी टोळी चार दिवस बसेल, गाडी भरणार कोण? त्याला ही भाषा कळते. मग तो स्वतः सांगायचा, सिस्टर, संध्याकाळी सहाला या, सगळ्यांना बसवून ठेवतो. संध्याकाळी सहाला जायचं. ड्यूटीच्या वेळेत बसत नाही ते, पण तुझी रात्रपाळी तरी कुठं बसत होती?

आता तुझ्या हातांबद्दल. तुझ्याकडं एक्लॅम्प्शियाची, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून झटके येणारी, बाई आली असेल कधी. झटके येतायत, नातेवाईक दारात रडतायत, तू झटके थांबवायला मॅगसल्फ चढवते आहेस. त्या बाईला दीड महिना आधी कुणीतरी बीपीचा पट्टा बांधायला हवा होता. लघवी तपासायला हवी होती. "डोकं दुखतंय, डोळ्यापुढं चमकतंय" हे ती बोलली असेल तेव्हा ऐकणारं कुणी हवं होतं. आपल्या बाया सगळं अंगावर काढतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. पुस्तकी एएनएमला आकडा दिसतो १५०/१००. तुला त्या आकड्यापुढं काय होतं ते दिसलंय. तू तिला १०८ मध्ये घालून पाठवल्याशिवाय घरी जाणार नाहीस. तुझ्या इनचार्जला हे सांग.

बीपीचंच अजून एक. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो देशपातळीवरचा उपक्रम निघाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे होते त्यात आमचा सातारा होता. २०१८ च्या सुमाराची गोष्ट. त्यात भारी यंत्र वगैरे काही नव्हतं. ठरलेली औषधं, अ‍ॅम्लोडिपिनपासून सुरुवात, महिन्याच्या गोळ्या एकदम हातात, आणि प्रत्येकाचं एक कार्ड. कार्ड पुढच्या तारखेच्या कप्प्यात. महिना संपला आणि कार्ड त्याच कप्प्यात राहिलं की समजायचं, गडी आला नाही. फोन लावायचा, नाहीतर आशाला घरी पाठवायचं. बहुतेक वेळा उत्तर एकच, "आता बरं वाटतंय, मग कशाला खाऊ?" हेच लोक पुढं अर्धांग घेऊन तुमच्या मिरजेच्या आयसीयूत येतात.

ब्रदर, तुझ्या मैत्रिणीला माझा राम राम सांग. सगळ्यांना जमतं असं नाही, आणि न जमणं हा काही गुन्हा नाही.

पाणी_५७_फूट

वाळवा तालुका आणि कृष्णाकाठ म्हटलात म्हणून मध्ये पडतो. मी आरोग्य सेवक, पुरुष, म्हणजे विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) टाकणारे, ज्यांना गावात "टीसीएलवाले" म्हणतात ते. आमचंही सिस्टरांशिवाय पान हलत नाही.

ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. तेव्हापासून आमच्याकडं जूनमध्ये एक यादी निघते. जुलै-ऑगस्टमध्ये बाळंतपणाची तारीख असलेल्या बाया, इन्सुलिनवर असलेले, डायलिसिसवाले, अंथरुणाला खिळलेले. पाणी वाढायला लागलं की ही माणसं आधी हलवायची. माहेर नदीपासून लांब असेल तर माहेरी, नाहीतर जिथं ऑपरेशन होऊ शकतं अशा दवाखान्याजवळच्या पाहुण्याकडं. ही यादी तहसीलदारांकडं नसते, सरपंचाकडं नसते. ती असते सिस्टरच्या वहीत.

पाणी उतरल्यावर आमचा खरा महिना सुरू होतो. चिखल काढणाऱ्यांना लेप्टोची (घाण पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची) भीती, म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या द्यायच्या. पण गरोदर बाईला ते चालत नाही, लहान मुलाला चालत नाही. गोळ्यांचा डबा घेऊन दारोदार गेलो की प्रत्येक उंबऱ्यावर मला विचारावं लागतं, घरात कोण आहे? सिस्टर बरोबर असली की ती लांबूनच सांगते, "या घरात नको, थोरल्या सुनेला तिसरा महिना आहे." सासूला अजून माहीत नसतं, सिस्टरला असतं. (मग सासू आमच्याकडं बघते. तो भाग वेगळा.)

विहिरीत टीसीएल, ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन तपासणं), पाणी धोक्याचं म्हणून ग्रामपंचायतीला लाल कार्ड द्यायची वेळ आली तर सरपंचाचा राग, हे माझं मी बघतो. पण रुग्ण वाढतायत हे पहिलं तिलाच कळतं. एका गल्लीत एका दिवसात तीन जुलाबाची पोरं दिसली की तिचा फोन येतो, "पाइपलाइन बघा". प्रयोगशाळेचा रिपोर्ट नंतर येतो.

तासगावची_सून

काकू, तुमचा प्रतिसाद इनचार्ज सिस्टरना पाठवला. त्यांनी नुसता अंगठा पाठवलाय.

आता खरी भीती सांगते, आधी लिहिली नव्हती. तिथल्या सिस्टर माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या आहेत. गाव त्यांना ओळखतं. आणि मी जाऊन त्यांच्यावर "अधिकारी" म्हणून बसायचं. मी गेले तेव्हा त्यांनी चहा दिला, गोड बोलल्या, पण खुर्ची एकच होती आणि दोघीही उभ्याच राहिलो.

आशा_नं_१

मी आशा आहे, सांगली जिल्ह्यातलीच, गाव सांगत नाही. मॅडम, आमच्याकडं असंच झालेलं. नवीन सीएचओ मॅडम आल्या आणि पहिल्या आठवड्यात मीटिंग घेऊन फॉर्म किती झाले विचारलं. सिस्टर गप्प. आम्ही पण गप्प. पुढं सहा महिने सगळं गप्पच चाललेलं.

तो तिशीपुढच्या लोकांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगर-कॅन्सरचा धोका किती ते बघायचा, आम्ही भरतो. चारच्या वर गुण आले की तुमच्याकडं आधी तपासायला पाठवायचं. ऐकायला सोपं आहे. त्यात कंबरेचं माप आहे. सासरा ओट्यावर बसलेला असताना सुनेच्या कमरेला टेप लावून दाखवा मला. आत न्यायचं, दार लोटायचं, मग गप्पा, मग टेप. एका घराला अर्धा तास. पुन्हा विचारायचं, तंबाखू खाता का? "नाही बाई, छे." मिश्री? "ती तर लावायचीच की, त्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही." म्हणजे फॉर्मवर 'नाही' आणि तोंडात पांढरा चट्टा. आमच्या जुन्या सिस्टर पदर धरून हसत हसत तोंड उघडायला लावतात आणि बॅटरीनं बघतात. नव्या मॅडमला बायका तोंड दाखवत नव्हत्या.

फॉर्म किती झाले ते नका विचारू. कुठल्या घरात अडलं ते विचारा. आम्ही सगळं सांगतो.

ब्रदर_मिरज

हे मिश्रीचं पटलं. आमच्याकडं येणारे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट घास गिळता येईना झाल्यावरच येतात. तरी कंत्राटीबद्दल माझं मत कायम आहे. एवढं काम करून दरवर्षी पुन्हा ऑर्डर निघेल का म्हणून वाट बघायची, हे बरोबर नाही. काकू, यावर तुम्ही काही बोलला नाहीत.

माजी_एलएचव्ही_कराड

बोलण्यासारखं काय आहे, तू म्हणतोस ते खरं आहे. मला पेन्शन आहे, या मुलींना नाही. यासाठी मोर्चा निघाला तर मी या वयातही सातारच्या झेडपीपुढं येऊन बसेन. पण म्हणून तिनं जाऊ नये असं मला वाटत नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

खुर्चीचं ऐक. पहिल्या दिवशी दुसरी खुर्ची मागव, ग्रामपंचायत देते. ती आली नाही तर घरून ने. गावात तू सिस्टरला नावानं हाक मारू नकोस, "सिस्टर" म्हण नाहीतर "ताई" म्हण, आणि लोकांसमोर तिचं कधी चुकवू नकोस. लसीकरण सत्र तिचं आहे, ते तिला करू दे, तू शेजारी बसून बाळांच्या आयांचं बीपी घे. बाई बाळाला घेऊन डोसाला नक्की येते, स्वतःसाठी कधी येत नाही. ही एक जागा आहे जिथं ती आपण होऊन बसलेली सापडते. बाळाला डोस दिल्यावर अर्धा तास थांबवायचंच असतं, तो अर्धा तास तुझा.

तुला जे येतं ते तिला हळूच शिकव. रोज ईसंजीवनीवर (ऑनलाइन सल्ल्याची सरकारी सोय) डॉक्टरांशी बोलताना तिला जवळ बसव, पेशंटला डॉक्टरचं म्हणणं तिच्याच तोंडून सांग. मोठ्या सिस्टरला जुनं सगळं येतं पण शुगर-बीपीच्या नव्या औषधांचं धाडस होत नाही, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं. आणि तिच्याकडून गाव शिक. कुठल्या घरात कुणाचं कुणाशी बोलणं नाही, कुठल्या वस्तीवर सकाळी जायचं, कुठं पाणी प्यायचं आणि कुठं नाही म्हणायचं. हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नाही.

रुजू व्हायच्या आधी वाड्या-वस्त्यांसकट हद्दीचा नकाशा माग. नसेल तर आशांना बसवून काढून घे, मळ्यातली घरं त्यात धर. कारखाना कधी सुरू होतो ते विचारून ठेव. आणि स्कूटी घे, एसटीवर भागणार नाही.

पाणी_५७_फूट

स्कूटी जुनी घ्या मॅडम. उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की मळ्यातल्या रस्त्यात नवीची एका हंगामात वाट लागते. आणि डिकीत एक जादा बीपीचा पट्टा ठेवा, मोठ्या दंडाचा. उपकेंद्रात असतो तो लहान पडतो आणि मग पैलवान मंडळींचं बीपी उगाच जास्त दाखवतं.

तासगावची_सून

सोमवारी नोटीस देतेय हॉस्पिटलला. मोठ्या दंडाचा पट्टा मिरजेत कुठं चांगला मिळतो ते इथलं कुणी सांगेल का?