ताबेगहाण घेतलेले शेत परत मागितले जात आहे: धनकोचे हक्क आणि जबाबदाऱ्या कोणत्या?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ जिल्हा)

माझ्या बाबांनी 2003 साली गावातील एका शेतकऱ्याचे तीन एकर शेत ऐंशी हजार रुपयांत ताबेगहाण (रक्कम फिटेपर्यंत शेताचा ताबा पैसे देणाऱ्या धनकोकडे राहण्याचे गहाण) घेतले होते. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला आहे. त्यात ‘रकमेस व्याज नाही आणि शेताच्या उत्पन्नाचा हिशेब नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असून मुदत दहा वर्षांची आहे. शेवटी मात्र ‘मुदतीत रक्कम न फेडल्यास हेच गहाणखत कायम खरेदीखत समजावे’ असेही एक वाक्य आहे. बाबा आता हयात नाहीत आणि शेत माझा भाऊ वाहतो.

लिहून देणारेही वारले. त्यांच्या तीन मुलांपैकी धाकटा ऐंशी हजार रुपये घेऊन घरी आला आणि शेत मोकळे करून मागू लागला. भावाचे म्हणणे असे की मुदत केव्हाच संपली, वीस वर्षांहून अधिक काळ ताबा आपला आहे, तेव्हा शेत आपले झाले. आणि द्यायचेच असेल तर ढासळलेली विहीर बांधून घेतली, बोअर मारली, ठिबक बसवले, त्याचे पैसे आधी मिळाले पाहिजेत. उलट त्या मुलाचे म्हणणे असे की धुऱ्यावरची सागाची झाडे बाबांनी तोडून विकली, त्याची किंमत आम्ही द्यावी. धनको म्हणून आमचा हक्क कुठपर्यंत आहे आणि आमच्यावर बंधने कोणती आहेत, हे कृपया सांगावे.

उत्तर 1 (शेतकरी, दिग्रस)

ताई, बारा वर्षे सलग ताबा असला की जमीन वाहणाऱ्याची होते, असे आमच्याकडे सगळेच सांगतात. सातबाऱ्यावर पिकाची नोंद आपल्या भावाच्या नावे असेल तर पैसे घेण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

उत्तर 2 (दिवाणी वकील, यवतमाळ)

वरचा सल्ला ऐकू नये. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काला उघड आव्हान देऊन ठेवलेल्या ताब्याला लागतो. गहाणाने मिळालेला ताबा मालकाच्याच परवानगीचा असतो, आणि तो कितीही वर्षे टिकला तरी केवळ काळ लोटल्याने मालकीत बदलत नाही. पीक पेऱ्याच्या नोंदीवरूनही मालकी ठरत नाही.

आपला दस्त मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58 मधील भोगवट्याच्या गहाणाचा, म्हणजेच ताबेगहाणाचा दिसतो. ‘कायम खरेदीखत समजावे’ हे वाक्य गावोगावच्या दस्तांत सापडते आणि त्यावरच सर्वाधिक भांडणे होतात, पण कलम 60 ने दिलेला गहाण सोडवण्याचा हक्क असा शब्दांनी मारता येत नाही. भोगवट्याच्या गहाणात धनकोला शेत विकून घेण्याचा किंवा ऋणकोचा (गहाण ठेवणाऱ्याचा) सोडवणुकीचा हक्क बंद करून मागण्याचा दावा मुळात करताच येत नाही (कलम 67). कोणी या वाक्याच्या आधारे हे मुदत खरेदीचे गहाण (मुदतीत रक्कम न फेडल्यास विक्री पक्की होण्याच्या अटीचे) आहे असा वाद घातला, तरी त्यातही धनको आपोआप मालक होत नाही, न्यायालयाचा हुकूमनामा लागतो.

मुदतीच्या कायद्यातही भावाला आधार मिळत नाही. गहाण सोडवण्याच्या दाव्याला 30 वर्षे असतात आणि ती सोडवणुकीचा हक्क निर्माण झाल्यापासून मोजली जातात. म्हणजे कठोरातले कठोर गणित केले तरी आपल्या बाबतीत ती 2013 पासून धरावी लागतील. भोगवट्याच्या गहाणात तर नुसती तारीख उलटल्याने हा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सिंग राम विरुद्ध शिव राम या प्रकरणात 2014 साली स्पष्ट केले आहे.

आता खर्चाचे. विहीर ढासळत होती आणि बांधली नसती तर ती गेलीच असती, हे पावत्या किंवा साक्षीदार यांवरून दाखवता आले, तर तो खर्च मालमत्ता वाचवण्यासाठी केलेला ठरून मुद्दलात मिळवता येतो. व्याजाचा दर ठरलेला नसल्यास त्यावर वर्षाला 9 टक्के धरले जातात. बोअरचे तसे नाही. शेताचा कस वाढावा म्हणून धनकोने स्वेच्छेने केलेली सुधारणा कलम 63-अ प्रमाणे बहुधा ऋणकोला फुकट मिळते, दस्तात वेगळे ठरले असेल तरच पैसे मागता येतात. ठिबकचा संच काढून नेता येईल, त्यावरून वाद घालू नये.

उत्पन्नाचा हिशेब आपल्याला द्यावा लागणार नाही, कारण व्याजाऐवजी उत्पन्न घेण्याचा करार असेल तर कलम 77 ती जबाबदारी काढून टाकते. मात्र शेत जबाबदार माणसाप्रमाणे सांभाळणे, शेतसारा भरणे आणि मालमत्तेचे कायमचे नुकसान होईल असे काही न करणे, ही कलम 76 ची बंधने तरीही राहतात. साग तोडून विकल्याचे सिद्ध झाले तर ते नुकसान आपल्या खात्यावर टाकले जाईल. विहिरीचा खर्च मागायला जाताना हे लक्षात ठेवावे.

उत्तर 3 (निवृत्त मंडळ अधिकारी)

वकील साहेबांनी दिवाणी बाजू सांगितली, मी महसुलाची सांगतो. प्रथम चालू सातबारा आणि 2003 चा फेरफार काढून पाहा. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (परवानगीशिवाय हस्तांतरित न करता येणारी) आहे का आणि लिहून देणारे आदिवासी होते का, हे त्यावरून कळेल. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे गहाण ठेवायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे 1974 पासून पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर व्यवहारच अवैध ठरतो आणि विहीर, बोअर हा सगळा वाद बाजूला पडतो. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधी विचारतो आहे.

दुसरे असे की बाबा आणखी चार जणांना शेतावर पैसे देत असतील, तर ती सावकारी समजली जाऊ शकते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराकडे तारण म्हणून गेलेली जमीन परत देण्याचा आदेश सहकार खात्याचे जिल्हा निबंधक देऊ शकतात. एकच व्यवहार असेल तर ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्ती

जमीन वर्ग 1 ची आहे, कुटुंब आदिवासी नाही आणि बाबांनी दुसरा असा व्यवहार केल्याचे आम्हांला माहीत नाही. दोन शंका उरतात. तिघांपैकी एकट्याच्या हातून पैसे घ्यावेत का? आणि शेतात आज पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर उभी आहे, तिचे काय?

उत्तर 4 (दिवाणी वकील, यवतमाळ)

एकटा वारसही पूर्ण रक्कम देऊन पूर्ण गहाण सोडवू शकतो. फक्त आपल्या वाट्यापुरते पैसे देऊन एक एकर मागू शकत नाही. भावांमधला वाटा ते आपसांत पाहतील, त्यात आपण पडू नये. रक्कम बँकेतून घ्यावी, मूळ गहाणखत परत करावे आणि गहाण फिटल्याचा नोंदणीकृत दस्त करून द्यावा. त्यात ताबा सर्व वारसांकरिता दिल्याचे लिहावे, म्हणजे सातबाऱ्याच्या इतर अधिकारातील नोंद फेरफाराने कमी करता येईल. आपल्या बाबांचे वारस म्हणून आपण आणि भाऊ, दोघांच्याही सह्या लागतील.

रक्कम नाकारली तर तो वारस ती कलम 83 खाली न्यायालयात जमा करील. देय रक्कम रीतसर देऊ केल्याच्या तारखेपासून मात्र कलम 77 चे संरक्षण उरत नाही, पुढच्या उत्पन्नाचा हिशेब द्यावाच लागतो. त्यामुळे उभ्या पिकाचे आत्ताच लेखी ठरवून घ्यावे: पऱ्हाटीचा शेवटचा वेचा आणि तूर निघेपर्यंत पीक भावाचे, खर्च त्याचा, आणि ताबा कोणत्या तारखेला द्यायचा ती तारीख कागदावर.