मदत हवी आहे: एकाच मशीनवर दोन जॉब आलटूनपालटून, शिफ्टचं टार्गेट कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर आहे. आमच्या एका सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथवर दोन जॉब, म्हणजे दोन प्रकारचे पार्ट चालतात, बुश आणि फ्लँज. लोडिंग-अनलोडिंग धरून बुशला २ मिनिटं लागतात, फ्लँजला ३. म्हणजे तासाला बुश ३० किंवा फ्लँज २०. पुढे दोन्हींची जोडी बसते, त्यामुळे गिऱ्हाइकाला नग सारखे लागतात.

ऑफिसच्या एक्सेलमध्ये सरळ सरासरी काढून तासाला २५ नग धरलेत. ४८० मिनिटांतून जेवण-चहाची ५० गेली की ४३० उरतात, म्हणून टार्गेट १७९. मला हे पटत नाही. दोन्ही जॉबना वेळ सारखा दिला तर २५ बरोबर आहे, पण आम्हाला सारखे हवेत ते नग. एका जोडीला ५ मिनिटं, ४३० मिनिटांत ८६ जोड्या, म्हणजे १७२ नग. मशीन एक मिनिटही न थांबता सात नग कमीच!

त्यात सेटिंग आलं. जॉ (पीस पकडणारे जबडे) बदला, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) घ्या, पहिला पीस क्वालिटीकडून पास करून आणा, ४५ मिनिटं जातात. जॉब एकदा बदलला की ३८५ मिनिटांत ७७ जोड्या. दुपारच्या गाडीसाठी दोनदा बदलावा लागला तर ३४० मिनिटांत ६८ जोड्या, म्हणजे १३६ नग. बोर्डावर मात्र १७९च. इन्सेंटिव्ह नगांवर असल्याने पोरं बुश ओढतात आणि फ्लँज पुढच्या शिफ्टवर ढकलतात. त्यांना तरी काय बोलणार? हिशोबच तसा आहे.

माझा विचार असा, की नग मोजण्याऐवजी मिनिटं मोजावीत. चांगल्या बुशला २, फ्लँजला ३, रिजेक्शनला शून्य. समजा ८० बुश आणि ७० फ्लँज निघाले, तर ३७० मिनिटांचं काम झालं. एक सेटिंग वजा केलं तर ३८५ पैकी ३७०, म्हणजे ९६ टक्के. वजा नाही केलं तर ४३० पैकी, म्हणजे ८६ टक्के.

इथेच अडलोय. ओईईमध्ये, म्हणजे मशीनचा एकूण वापर किती चांगला झाला याच्या टक्केवारीत, सेटिंगचा वेळ उपलब्धतेतला (मशीन चालू असण्याच्या वेळेतला) तोटा म्हणून धरतात, तो मशीनच्या आकड्यात दिसायलाच हवा. पण ऑपरेटरच्या इन्सेंटिव्हमधून तो का कापायचा? मशीनला ८६ आणि माणसाला ९६ असे दोन वेगळे आकडे तुमच्याकडे ठेवतात का? मालकांना ते कसे समजावलेत?

दुसरं, सेटिंगचा ठरावीक वेळ वजा करावा की प्रत्यक्ष लागलेला? प्रत्यक्ष धरला तर रेंगाळलेलं सेटिंग झाकलं जातं. ठरावीक धरला तर पहिला पीस तपासायला इन्स्पेक्टर उशिरा आला, तरी फटका ऑपरेटरला. वाट पाहण्याचा वेळ लॉगशीटमध्ये वेगळ्या रकान्यात लिहावा असं वाटतंय, पण ते पाळलं जातं का, हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी सांगावं.

कुणाकडे अशा दोन जॉबच्या लॉगशीटचा नमुना असेल तर कृपया इथे टाका. पुढच्या महिन्याचं टार्गेट ठरायच्या आत मला तो मालकांपुढे ठेवायचाय.