लॅरीला हाकललं ते बरं झालं की वाईट?

चित्रवेडा : जुलै २०२३ मध्ये ट्विटरचा निळा पक्षी काढून तिथे 'एक्स' बसवला. त्या पक्ष्याला नाव होतं, लॅरी! बोस्टन सेल्टिक्सकडून खेळलेल्या बास्केटबॉलपटू लॅरी बर्डवरून ठेवलेलं. सहसंस्थापक बिझ स्टोन मूळचा बोस्टनकडचा, त्यामुळे हे ओघानंच आलं. इतकी ओळखीची खूण पुसणं म्हणजे शुद्ध करंटेपणा.

खडूस : करंटेपणा वगैरे जरा जास्तच होतंय. ते नाव ठाऊक होतं किती जणांना? आतल्या मंडळींची आपसातली गंमत. आणि पहिला पक्षी त्यांचा होताच कुठे? आयस्टॉक या तयार चित्रं विकणाऱ्या संकेतस्थळावरून विकत आणलेला. काढणारा सायमन ऑक्सली, जपानमध्ये राहणारा ब्रिटिश चित्रकार. त्याच्या हातावर मोजके डॉलर टेकवले गेले.

चित्रवेडा : अहो, विकतचं चित्र लोगो म्हणून चालत नाही, आयस्टॉकच्या अटीच तशा आहेत. म्हणून तर स्वतःचा पक्षी काढावा लागला. २०१२चा जरा जवळून बघा. डोक्यावरचा तुरा गेला, पंखाचं एक पीस कमी झालं, चोच वर उचलली. सगळी कड वर्तुळांच्या तुकड्यांनी जोडलेली. मार्टिन ग्रासर आणि सहकाऱ्यांचं काम. डोळासुद्धा काढलेला नाही, तरी शेंबडं पोरही सांगेल की पाखरू आहे. 'एक्स' बघून काय सांगेल? फुली!

तिऱ्हाईत : तुम्ही दोघं चित्रातच अडकलात. खरं गेलं ते क्रियापद. ट्वीट म्हणजे चिवचिव, पक्षी होता म्हणून ते शोभत होतं. आता 'पोस्ट' म्हणायचं. ती तर कुठेही टाकता येते.

खडूस : +१, हे मात्र पटलं. पण मालकानं, म्हणजे इलॉन मस्कनं, ४४०० कोटी डॉलर मोजलेत, घर त्याचं, पाटी त्याची. एप्रिल २०२३ मध्ये काही दिवस पक्ष्याच्या जागी डोजकॉइन या आभासी चलनाचा कुत्रा आणून बसवला होता, तेव्हाच ओळखायचं की पाखराचे दिवस भरले.

चित्रवेडा : पाटीवरून आठवलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्यालयावरचा १२ फुटी पक्षी २०२५ मध्ये लिलावात सुमारे ३४ हजार डॉलरला गेला. कुणाला तरी हवा होताच की!

खडूस : भंगारापेक्षा बरा भाव आला म्हणायचा. तुरा मात्र काढायला नको होता, तेवढं मान्य.