भूक किती लागली आहे, हे स्थूल माणसालाच विचारायचे की त्याला सोडून बाकी सगळ्यांना?

घंटाळीकर (ठाणे पश्चिम)

नेरुळच्या एका सदस्यांनी काल या गटावर लिहिले की वजनाच्या दवाखान्यांत स्थूल रुग्णांना भूक किती लागली आहे हे विचारून कागदावर खूण करून घेणे हा वेळेचा अपव्यय आहे. भूक आणि हाव यांतला फरक त्यांना कळत असता तर त्यांचे वजन वाढलेच नसते, तेव्हा रक्त तपासावे, ताट मोजावे आणि माणसाला गप्प बसवावे, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘गप्प बसवावे’ हे शब्दही त्यांचेच आहेत. बऱ्याच जणांनी त्याला दुजोरा दिला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

त्या कागदावर 100 मिलिमीटरची आडवी रेघ असते. तिच्या एका टोकाला ‘अजिबात भूक नाही’ असे लिहिलेले असते आणि दुसऱ्या टोकाला आजवरची सर्वांत तीव्र भूक. जेवणाआधी खूण करायची, जेवण झाल्यावर पुन्हा करायची आणि पुढे काही तास ठरावीक अंतराने करत राहायची. भूक किती, पोट किती भरले, आणखी किती खाता येईल आणि खावेसे किती वाटते, यांसाठी चार निरनिराळ्या रेघा असतात. म्हणजे जो फरक आम्हाला कळत नाही असे आपण म्हणता, तोच त्या कागदावर सुटा करून विचारलेला असतो.

आता रक्ताकडे वळू. घ्रेलिन 1999 मध्ये जपानी संशोधकांना सापडले. ते जेवणाआधी चढते आणि जेवल्यावर उतरते, म्हणून त्याला भुकेचे संप्रेरक म्हणू लागले. पण 2001 मध्येच असे दिसून आले की उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात स्थूल व्यक्तींचे घ्रेलिन सडपातळ व्यक्तींपेक्षा कमी असते. भूक आवरणारे लेप्टिन मात्र त्यांच्यात जास्त असते. आपल्या सल्ल्याप्रमाणे फक्त रक्त पाहिले, तर या माणसाला भूक लागायलाच नको असा निष्कर्ष निघेल. ठाण्यातल्याच एका डॉक्टरांनी अहवाल वाचून मला नेमके हेच सांगितले होते, आणि त्या वेळी भुकेने माझे हात थरथरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले असते तरी पुरे होते.

नेरुळकर

‘गप्प बसवावे’ हे मी रागात लिहिले होते, पण मुद्दा मागे घेत नाही. 1992 मध्ये अमेरिकेत झालेला एक अभ्यास आहे. कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही, अशी तक्रार करणारी स्थूल माणसे त्यात होती. त्यांनी आपले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी सांगितले आणि हालचाल 51 टक्क्यांनी जास्त सांगितली. त्यांचा चयापचय मोजला तेव्हा तो ठीक निघाला. जे तोंडात घातले ते ज्याला सांगता येत नाही, त्याने पोटात काय जाणवते ते सांगावे आणि आपण ते मिलिमीटरमध्ये मोजावे, यात मला शास्त्र दिसत नाही.

दुसरा अभ्यास 2019 चा, अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतला. 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तितके खाऊ दिले. पहिल्या आहारावर ते रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते. भुकेच्या खुणांत मात्र दोन्ही वेळा लक्षणीय फरक नव्हता. 500 कॅलरींचा फरक ज्या रेघेला कळत नाही ती रेघ काय कामाची?

माझे वडील मधुमेही होते. त्यांना रोज रात्री ‘भूक’ लागायची आणि आई रोज फसायची. मी हे घरात पाहिले आहे.

कोपरीची आहारतज्ज्ञ

दोन्ही बाजूंना थोडे थांबवते. 1992 चा तो गट अवघ्या 10 जणांचा होता आणि ‘मी कमी खातो तरी’ असे म्हणणाऱ्यांमधूनच तो निवडला होता. खाणे कमी सांगण्याची सवय सडपातळ माणसांतही आढळते, वजन वाढते तशी ती अधिक दिसते इतकेच. आणि दिवसभरात काय खाल्ले हे आठवून सांगणे वेगळे, आत्ता काय जाणवते ते सांगणे वेगळे. पहिल्यात स्मरण आणि शरम दोन्ही आड येतात.

मात्र घंटाळीकरताईंनी त्या रेघेवर जरा जास्तच भार टाकला आहे. माझी 60 आणि तुमची 60 या एकच भूक नव्हेत. एकाच व्यक्तीच्या, त्याच वेळेच्या, त्याच न्याहारीनंतरच्या खुणा आपसांत ताडून पाहिल्या तरच त्यांना अर्थ येतो.

माझी खरी तक्रार प्रश्नावल्यांबद्दल आहे. 1985 ची 51 प्रश्नांची प्रसिद्ध प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. संयम, संयम सुटणे आणि भूक या तीन गोष्टी तिच्यात मोजतात. तिचा पहिलाच प्रश्न असा आहे की तव्यावर चरचरणाऱ्या मांसाचा वास आला, तर नुकतेच जेवण झालेले असतानाही तुम्हाला स्वतःला आवरणे कठीण जाते का. नौपाड्यातल्या शाकाहारी आजींनी यावर ‘नाही’ लिहिले, तर त्यांचा संयम मोजला गेला की त्यांचा आहार?

वाशी सेक्टर नऊ

ताई, मांसाच्या जागी बटाटेवडा लिहिल्याने हा प्रश्न सुटणार नाही. आमच्याकडे बाई जेवते तेव्हा भुकेचा संबंध कितीसा असतो? सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर पातेल्यात उरलेली आमटी, मुलाने अर्धी टाकलेली पोळी, सकाळची भाजी हे सगळे माझ्या ताटात येते, कारण टाकवत नाही. त्या वेळी मला रेघेवर खूण करायला सांगितली तर मी शून्याजवळ करीन आणि तरीही जेवीन. माझे निम्मे वजन या उरल्यासुरल्याचे आहे, असे मी ठामपणे सांगते.

नेरुळकर

हे तर माझेच म्हणणे झाले. भूक शून्य आणि खाणे चालू. शिवाय उरलेले अन्न फ्रिजमध्ये ठेवता येते, त्यासाठी शास्त्राची गरज नाही.

वाशी सेक्टर नऊ

फ्रिजमध्ये ठेवलेले दुसऱ्या दिवशी कोण खाते, हे आपण आपल्या घरी एकदा विचारावे. घरातल्या सर्वांना गरम पोळी हवी असते आणि शिळी पोळी खाणारी व्यक्ती ठरलेली असते. आपल्या आईला वडिलांनी फसवले असे आपण लिहिले. वडील निजल्यावर आई काय जेवत होत्या, हे आपण कधी पाहिलेत का?

नेरुळकर

माझ्या आईला या चर्चेत ओढण्याचे काहीही कारण नव्हते.

कोपरीची आहारतज्ज्ञ

आईंचा उल्लेख आपणच आधी केलात. पण वाशीच्या ताईंचे म्हणणे मी गांभीर्याने घेते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायका आहाराची वही भरताना हे उरलेले लिहीतच नाहीत. त्या खोटे बोलत नाहीत. ते जेवण आहे असे त्यांना वाटतच नाही, ती आवराआवर असते. आपल्या 47 टक्क्यांसारख्या आकड्यांत असले किती खाणे दडलेले असेल, याचा विचार व्हायला हवा. आणि हे सासरीच होते असे नाही, माहेरीही मुली हेच पाहत मोठ्या होतात.

वाशी सेक्टर नऊ

माहेरी तर अधिकच. आजोबा, काका, भाऊ आणि मग आम्ही. उशिरा बसायचे म्हणून मधे काहीबाही तोंडात टाकायचे, आणि पानावर बसेपर्यंत भूक मेलेली असायची. तरी पूर्ण जेवायचे, नाहीतर आजी रागवायची. भूक आणि जेवण यांची ताटातूट आम्हाला लहानपणीच शिकवली गेली, आणि आता हेच लोक आम्हाला विचारतात की तुम्हाला भूक ओळखता येत नाही का.

रात्रपाळी, ऐरोली

इथे बायकांचेच चालले आहे, पण पहाटे तीनला कँटीनमध्ये रांग लावणाऱ्या आम्हा पुरुषांचेही ऐका. झोप कमी झाली की मला लागते ती भूक मनाची असते, असे घरचे म्हणतात. 2004 मध्ये 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिले, तर त्यांचे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले, लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरले आणि त्यांनी स्वतः सांगितलेली भूक 24 टक्क्यांनी वाढली. रक्त आणि माणूस एकच सांगत होते. हे तरुण सडपातळ होते, म्हणून त्यांच्या सांगण्यावर कोणी शंका घेतली नाही. माझे वजन शंभराच्या वर आहे, म्हणून माझी तीच भूक हाव ठरते.

घंटाळीकर

नेरुळकरांच्या 2019 च्या दाखल्याचे उत्तर वाशीच्या ताईंनी नकळत दिले आहे. खाणे वाढले आणि भुकेची खूण हलली नाही, याचा अर्थ रेघ खोटी असा होत नाही. ते लोक भुकेपोटी जास्त खात नव्हते, असाही त्याचा अर्थ निघतो. त्या आहारावर त्यांचा खाण्याचा वेगही जास्त होता. भूक आणि सेवन या दोन गोष्टी आहेत म्हणूनच दोन्ही मोजाव्या लागतात. आपण ताट मोजा म्हणता ते मला मान्य आहे; माणसाला विचारू नका म्हणता तेवढेच अमान्य आहे.

विचारले नसते तर 2011 मध्ये मेलबर्नला जे आढळले ते कधी कळले असते? जादा वजनाच्या आणि स्थूल अशा 50 जणांना 10 आठवडे अत्यल्प कॅलरींच्या आहारावर ठेवले आणि त्यांचे वजन सरासरी साडेतेरा किलो उतरले. वर्षभरानंतरही त्यांचे घ्रेलिन आधीपेक्षा चढलेले होते आणि त्यांनी नोंदवलेली भूकही आधीपेक्षा जास्त होती. उतरलेले वजन परत चढले की ‘जीभ आवरली नाही’ असे ज्यांना ऐकवले जाते, त्यांच्यासाठी हा अभ्यास किती मोलाचा आहे, हे ज्याने ते ऐकले आहे त्यालाच कळेल.

नेरुळकर

मेलबर्नचा अभ्यास वाचला. एकाच माणसाची आधीची आणि नंतरची खूण ताडून पाहण्यास माझी हरकत नाही, इतके लिहून ठेवतो. त्यापुढे जाणार नाही. सोबत मोजलेले जेवण नसेल तर नुसत्या कागदावर मी अजूनही विश्वास ठेवणार नाही, आणि वडिलांबद्दलचे माझे मत बदललेले नाही.

कोपरीची आहारतज्ज्ञ

सोबत मोजलेले जेवण हवे ही अट रास्त आहे आणि चांगल्या अभ्यासांत ती पाळली जाते. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधावरचा 2017 चा, इंग्लंडमधल्या लीड्सचा अभ्यास पाहा. 30 स्थूल व्यक्ती होत्या आणि उपचार 12 आठवड्यांचा होता. हवे तितके खाऊ दिले असता औषधावर त्यांचे सेवन औषध नसलेल्या, दिसायला तशाच इंजेक्शनाच्या (प्लासिबो) तुलनेत 24 टक्क्यांनी कमी भरले, आणि त्यांनी भूकही कमी नोंदवली. आता ही आठवड्याची इंजेक्शने ठाण्यात आणि नवी मुंबईत सर्रास लिहून दिली जातात, पण पहिला डोस देण्यापूर्वी भुकेची एकही नोंद घेतलेली नाही असे कितीतरी रुग्ण माझ्याकडे येतात. मग औषधाने भूक उतरली की मळमळीमुळे जेवण गेले, हे कशाच्या आधारे ठरवायचे?

वाशी सेक्टर नऊ

नोंद घ्याल तेव्हा ‘जेवणात उरलेले किती होते’ असा एक रकाना ठेवा, आणि तो घरातल्या पुरुषांकडूनही भरून घ्या.