गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये: उपाय की खैरात?

दांडियाबाजारकर (बडोदे): महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं. तिकडचे पाहुणे आले की अजून तोच विषय. अहो, दूध जास्त झालं, पावडरला उठाव नाही, म्हणून भाव पडला. त्यावर लिटरमागे पैसे द्यायचे म्हणजे आणखी दूध काढा असंच सांगणं. युरोपात हमीभावाने लोण्याचे डोंगर साचले, शेवटी १९८४ मध्ये दूध उत्पादनावर कोटा (मर्यादा) लावावा लागला, तो २०१५ पर्यंत चालला.

नगरची लेक: काका, गाय म्हणजे नळ आहे का बंद करायला? व्याली की दहा महिने धार काढावीच लागते, भाव असो नसो. आणि ५ रुपये काही आयते मिळाले नाहीत. गायीच्या कानात बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद, खातं आधारला जोडलेलं, शिवाय दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक). माझ्या भावाच्या दोन गायी नोंदीत भाकड! दूध मात्र रोज डेअरीत जात होतं.

दांडियाबाजारकर: मग माझंच म्हणणं खरं ना? इकडे बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यातल्या गावांत बघा. मंडळीत, म्हणजे गावच्या सहकारी दूध सोसायटीत, दूध भरायचं, फॅटवर पैसे घ्यायचे, वर्षाअखेरीस वर भावफेर, म्हणजे भावातल्या फरकाची जादा रक्कम. थंडीतल्या पुष्टकाळातलं जादा दूध या मंडळ्यांचा दूध संघ पावडर-लोणी करून ठेवतो, उन्हाळ्यात दूध आटलं की तेच कामी येतं. नफा सभासदाचाच.

फुकटचा सल्लागार: गुजरातचं कौतुक पुरे. १९७० मध्ये ऑपरेशन फ्लड, ही दूधवाढीची सरकारी योजना, सुरू झाली ती कशावर? त्याच युरोपची शिल्लक पावडर आणि बटर ऑइल देणगीत आलं, त्याचं दूध करून शहरांत विकलं आणि त्या पैशातून डेअऱ्या उभ्या राहिल्या. म्हणजे युरोपच्या शेतकऱ्याचं अनुदान आपल्याला पचलं, नगरच्या शेतकऱ्याचं तेवढं खुपतं! शिवाय बाहेरच्या पावडरवर ६० टक्के आयात शुल्क आहे, ती काय सरकारची मदत नव्हे?

दांडियाबाजारकर: शुल्क काढा असं मी कुठे म्हटलं? फरक एवढाच की त्या देणगीतून प्लांट झाले, चिलिंगची सोय झाली. योजना १९९६ मध्ये संपली, डेअऱ्या अजून चालू आहेत. तुमचे ५ रुपये पेंडीच्या दुकानात संपले. तेच पैसे पावडर साठवायला आणि गावोगावी मंडळ्या उभ्या करायला घाला.

नगरची लेक: पेंडीत गेले म्हणजे वाया गेले? मंडळी उभी राहीपर्यंत गायीने काय खायचं, तुमचा भावफेर? आमच्या गावात दोन्ही संकलन केंद्रं खासगी. भाव पडला की दोघांचा एकाच दिवशी पडतो, चढताना मात्र एक दुसऱ्याची वाट बघतो. संघ चांगला हे मलाही कळतं, पण तो काढणार कोण? केंद्रवाल्याची उचल फिटल्याशिवाय दूध दुसरीकडे घालता येत नाही.

म्हैसवाला: म्हशीच्या दुधाला त्यातला एक छदाम मिळाला नाही, त्यावर बोला की कुणीतरी.

फुकटचा सल्लागार: म्हशीचा धागा वेगळा काढा हो, इथे अजून गायच भाकड की दुभती ते ठरत नाहीये.