मदत हवी आहे : जनरेटर उशिरा येणार, इंजिन रूमवरचा डेक बंद करू की उघडा ठेवू?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या एका खाजगी यार्डात प्लॅनिंग बघतो. स्लिपवेवरच्या (पाण्यात उतरणाऱ्या बांधणी-उतारावरच्या) जहाजाची मेन इंजिनं आणि गिअरबॉक्स वेळेत आत उतरतील. अडलंय ते डीजी (डिझेल जनरेटर) सेटपाशी. पुरवठादार आता जूनअखेर म्हणतोय आणि लाँचिंग मेच्या मोठ्या भरतीला ठरलंय.

वरचा ब्लॉक (डेकसकट जोडायचा जहाजाचा तयार तुकडा) बसवायचा थांबवला तर भरती हातची जाते, शिवाय पायपिंग-केबलची माणसं बसून राहतात. वर्कशॉपमध्ये तासाभराचं काम ब्लॉकवर तीन तास आणि जहाजावर आठ तास खातं, असा आपल्या धंद्यातला ठोकताळा आहे. त्यामुळे आउटफिटिंग (पाइप, केबल वगैरे बसवण्याचं काम) पुढे ढकलायला जीव होत नाही. डेकला ओपनिंग ठेवून जेटीवर सेट उतरवावेत, तर ऐन पावसाळा. नंतर प्लेट वेल्ड करताना खालचा रंग जळणार.

डीजीचं फाउंडेशन आत्ताच करून ठेवावं का? हातात अजून प्राथमिक ड्रॉइंगच आहे. आणि शेड्यूलमध्ये हे ओपनिंग बंद करणं कोणत्या कामाशी जोडायचं?

प्रतिसाद :

ओपनिंग ठेवा, पण नुसत्या सेटच्या मापाचं नको. क्रेनच्या हुकापासून फाउंडेशनपर्यंतची अख्खी वाट स्लिंगसकट मोजा. त्या वाटेतले पाइप स्पूल (पाइपचे तयार तुकडे) आणि केबल ट्रे सुटे ठेवा. जेटीवरची क्रेन तिथवर पोचते का, हे आजच बघा. बहुतेक वेळा घोडं तिथेच अडतं. बीम कापावा लागणार असेल तर क्लासची (जहाज तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेची) मंजुरी आधी घ्या. कोपरे गोल ठेवा.

पावसासाठी ताडपत्रीवर विसंबू नका. ओपनिंगभोवती उभी पट्टी वेल्ड करून बोल्टचं लोखंडी झाकण बसवा. कडेच्या पट्ट्यात फक्त प्रायमर, इन्सुलेशन अगदी शेवटी. फाउंडेशन वेल्ड करायला हरकत नाही, बोल्टची भोकं मात्र पुरवठादाराचं सर्टिफाइड (अंतिम) ड्रॉइंग आल्याशिवाय पाडू नका. लाँचिंगच्या वजन-ट्रिमच्या (जहाज पुढे-मागे किती कलेल त्याच्या) हिशेबातून डीजी वगळायला डिझाइनवाल्यांना सांगा.

ओपनिंग बंद करणं जोडायचं ते शाफ्टच्या अंतिम अलाइनमेंटशी (इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणण्याशी). हे काम जहाज पाण्यात असताना होतं आणि उन्हाने हल (जहाजाचं धड) वाकतो म्हणून रीडिंग रात्री किंवा पहाटे घेतात. त्याआधी सगळी जड यंत्रं आत आणि जवळपासचं मोठं वेल्डिंग संपलेलं हवं. म्हणजे डीजी आत, मग प्लेट बंद, मग अलाइनमेंट, आणि त्यानंतरच मेन इंजिनचे रेझिन चॉक (इंजिनाखाली ओतून घट्ट होणारे आधार). इंजिन कंपनीच्या इंजिनिअरला कुठली तारीख दिली आहे तुम्ही?